तीन बेडरूम आणि एक खाट

ब्रिस्बेन, २६ फेब्रुवारी २००७

प्रिय आयडा,

फोनवर तुला नुसती घरघर ऐकू येते आणि मला ओरडावं लागतं. मग शेजारच्यांच्या कुत्र्यालासुद्धा आपल्या घरचं सगळं कळतं. म्हणून पत्रच बरं.

घर विकायचं तू म्हणालीस, मी हो म्हणाले, त्यात बदल नाही. तुझ्या वडिलांनी ते तुझ्या आणि तुझ्या भावाच्या, क्लेमच्या नावावर निम्मं-निम्मं ठेवलं. क्लेमचा वाटा आता माझ्याकडे आहे. तुला विचारल्याशिवाय मी इथला खिळासुद्धा उपटणार नाही, एवढं लक्षात ठेव.

क्लेमला जाऊन मे महिन्यात दोन वर्षं होतील. मी अजून पलंगाच्या भिंतीकडच्या कडेलाच झोपते. मधली जागा माझी आहे हे अंगात भिनलेलं नाही. तेव्हा या घरातून निघालेलं चांगलंच.

काल एजंट आला होता. डॅरिल हॉबडे त्याचं नाव. बुटांना इतकं पॉलिश की आमच्या वाळक्या अंगणात ते बूट पाहुणे आल्यासारखे दिसत होते. घरभर हिंडून म्हणाला, "बेडरूम किती म्हणायच्या, मिसेस टॅलिस?"

"तीन."

"आणि खाली?"

"खाली क्लेमची खोली. तो तिथे गळ आणि जाळी दुरुस्त करायचा, आणि उन्हाळ्यात दुपारी आडवा व्हायचा."

तो खाली गेला. उंच आहे, केस तुळईला लागले. "ही बेडरूम म्हणता येणार नाही," म्हणाला. "छत बसकं आहे. कौन्सिलच्या नियमात बसत नाही."

"मग तीनच."

"थांबा हो. वरच्या रस्त्याला अगदी असंच घर गेल्या महिन्यात गेलं. त्याला बेडरूम चार. तुमच्या घराला मिळतील त्याहून ऐंशी हजार डॉलर जास्त मिळाले त्याला, बाकी काही फरक नाही. आंब्याचं झाडसुद्धा तुमचंच चांगलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपण बेडरूम म्हणायचंच नाही. जाहिरातीत लिहू तीन अधिक एक. आणि तिथे एक खाट टाकायची. खाट टाकली की लोक स्वतःच मोजतात."

मी त्याला कळवते म्हटलं.

मला काय लागणार आहे? टेकडीवर वाचनालयाजवळ नव्या इमारती झाल्यात, तिथे दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवलाय. एक माझी, एक तुझी. तुझीत सकाळचं ऊन येतं.

तुझी,
विनी


होबार्ट, ५ मार्च

विनी,

अक्षर मोठं काढते आहे, कारण डोळे आता बारीक काढू देत नाहीत. कागद संपला तर थांबेन.

मॉरिस परवा पुन्हा निघून गेला. पायजम्यावर बंदराशी सापडला, कोळ्यांना विचारत होता, बोट किती वाजता सुटते. कुठली बोट, ते त्यालाही माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, आता घरी ठेवू नका.

अशा माणसांना सांभाळणाऱ्या दोन जागा आहेत. एक आमच्याच रस्त्याच्या टोकाला, मी चालत जाऊ शकते. तिथे आत घेण्याआधी मोठी ठेव भरावी लागते. दुसरी उत्तरेला, बसने तीन तास. तिथे ठेव कमी. मला गाडी चालवता येत नाही, बसचा नंबर दिसत नाही. मॉरिस तिकडे गेला म्हणजे मी त्याला महिन्यातून एकदा बघणार, आणि पुढच्या महिन्यात तो मला ओळखणार नाही. तीस वर्षं मी त्याच्या घोरण्यावर ओरडले, विनी. आता ते ऐकायला रोज चालत जाईन.

तीन बेडरूमच्या निम्म्यात जवळची जागा होत नाही. चारच्या निम्म्यात होते. मी दोनदा मोजलं.

तो पॉलिशवाला बरोबर बोलतोय. खोटं कुठे आहे त्यात? खाट म्हणजे खाट. टाक.

आयडा


ब्रिस्बेन, ११ मार्च

प्रिय आयडा,

टाकली.

चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून लोखंडी खाट आणली. डॅरिलने निळी चादर पाठवली, तिच्यावर पांढऱ्या चांदण्या. मी म्हटलं, ही पोराटोरांची चादर आहे. म्हणाला, "तेच तर. घरं पोराटोरांची माणसंच घेतात."

एक गोष्ट तुला सांगायला हवी. खोलीच्या मधला तो खांब आठवतो ना? क्लेमने पुरानंतर नव्याने भिंती उभ्या केल्या तेव्हा तो तसाच उघडा ठेवला होता, कारण त्यावर तुझ्या वडिलांनी छिन्नीने रेघ ओढली आहे. चौऱ्याहत्तरच्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे. ती रेघ माझ्या हनुवटीला लागते. डॅरिलने बघितली आणि एक अक्षर न बोलता दोन माणसं लावून कपाट खांबापुढे सरकवलं.

मी कपाट सरकू दिलं. मॉरिससाठी. पण त्या दिवसापासून मला खाली जायला नको वाटतं.

लिलाव ३१ तारखेला, शनिवारी, अंगणातच.

विनी


ब्रिस्बेन, १८ मार्च

प्रिय आयडा,

काल लोकांना घर दाखवलं. डॅरिल म्हणाला, तुम्ही बाहेर जा, घरमालक दिसला की लोकांना संकोच वाटतो. मी कुठे जाणार? पलीकडच्या फुटपाथवर पुस्तक घेऊन बसले आणि एकच पान वाचत राहिले.

बरेच लोक आले. ते नळ उघडून पाणी किती जोरात येतं ते बघत होते आणि मग चोरी केल्यासारखे पटकन बंद करत होते. इथे दुष्काळाने असं करून ठेवलंय सगळ्यांना. कौन्सिलने अंघोळीसाठी वाळूची घड्याळं वाटली आहेत, वाळू संपली की बाहेर. नदी इतकी आत गेली आहे की धक्क्याचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे दिसतात. अशा दिवसांत पुराचं नाव काढणाऱ्या म्हातारीला लोक काय म्हणतील, मला कळतं.

एक जोडपं मेलबर्नहून आलेलं. ती टॅमसिन, तो जोएल. बरोबर पाच वर्षांची मुलगी, पिप्पा. एक दात पडलेला. ही पोर सरळ खाली पळाली. मला रस्त्यापलीकडे तिचं ओरडणं ऐकू आलं, "ही माझी खोली! ही माझी!" आणि मग खाटेच्या स्प्रिंगांचा आवाज. उड्या मारत होती.

ते निघाले तेव्हा मी रस्ता ओलांडला. आई म्हणाली, "तुम्ही शेजारी का? ही तर इथून हलतच नाही. तिला आजवर स्वतःची खोली नव्हती."

मी म्हटलं, "वरही खोल्या आहेत की."

"वर एक आमची, एक याच्या कामाची, आणि एक याच्या आईची. त्यांचे गुडघे चांगले आहेत, जिना चढतात. पिप्पाला खालचीच हवी."

आयडा, गुडघे म्हटल्यावर मला तुमची आजी आठवली. तुला आठवली नसती का? तिला जिना चढवत नव्हता म्हणून ती खाली झोपायची. क्लेमने मला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. पाणी बाहेरून दाराला रेटत होतं, दार उघडेना. त्याने खिडकी फोडली आणि आजीला गाठोड्यासारखं बाहेर ओढलं. जिन्यावर कंदील तू धरला होतास. आजी जगली, पण पुन्हा कधी पाय सपाट ठेवून झोपली नाही, उशीवर उंच ठेवायची. हे मला क्लेमने सांगितलं, आणि त्याने कधी काही वाढवून सांगितलं नाही.

डॅरिलला विचारलं, या लोकांना रेघ दाखवायची का. तो हसला. "धरण बांधलंय ना नंतर? त्या रेघेला आता काय अर्थ?" मग म्हणाला, "ते लोक चारच मोजतायत, मिसेस टॅलिस. आणि बोलीत सगळ्यात वर तेच जाणार. त्यांना हात लावू नका."

मला काय करायचं ते लिही. पण लिहिताना तो कंदील आठवून लिही.

विनी


होबार्ट, २३ मार्च

विनी,

कंदील मी धरला होता. मला तुझ्याकडून आठवण नको. हात भाजला होता त्याने, डाग अजून आहे.

म्हणूनच सांगते. ते सगळं होऊन तेहतीस वर्षं झाली. धरण झालं. त्याच खोलीत तुझा नवरा वीस वर्षं दुपारी घोरत पडला, तेव्हा तू कधी रेघ घेऊन त्याच्यामागे धावलीस? मोठी शिकलेली माणसं आहेत ती. त्यांना नदी दिसते. कौन्सिलमध्ये नकाशे असतात, बघू दे त्यांना. तू त्यांची आई आहेस का?

काल जवळच्या जागेच्या बाई आल्या होत्या. ही एकच खोली रिकामी आहे आणि ती महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवतील. मॉरिसने त्यांना चहा केला. साखरेच्या जागी मीठ. त्या सगळा प्यायल्या. अशी माणसं आहेत तिथे.

तू पुस्तकं वाचतेस, तुला खरं-खोटं फार दिसतं. मला माझा माणूस दिसतो, तोही धूसर.

कपाटाला हात लावू नकोस.

आयडा


ब्रिस्बेन, १ एप्रिल

आयडा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. मी ते घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि लिलावाच्या दिवशीसुद्धा ते खिशातच होतं. म्हणजे मी विसरून केलं असं म्हणू नकोस.

काल सकाळी अंगणात तीसेक माणसं जमली. निम्मे शेजारी, नुसते बघायला आलेले. लिलाववाला सुटात, घामाघूम. टॅमसिन आणि जोएल आंब्याखाली उभे होते. पिप्पाच्या हातात तिची बाहुली होती आणि बाहुलीला तिने त्या चांदण्यांच्या चादरीसारखाच निळा रुमाल गुंडाळला होता. आईकडून मागून घेतला असणार.

मी टॅमसिनकडे गेले आणि म्हटलं, "एक मिनिट खाली चल. मी शेजारीण नाही, घर माझं आहे."

डॅरिल धावत आला. "मिसेस टॅलिस, आता सुरू करायचंय!"

"कर की. तू वर ओरड, मी खाली आहे."

खाली येऊन मी कपाटाला खांदा लावला. हलेना. टॅमसिन म्हणाली, "काय करताय तुम्ही?" आणि मग तिनेही दुसरीकडून ढकललं. बायका अशाच असतात, कशासाठी ते कळायच्या आधी हात लावतात. खांब दिसला. मी तिला त्याच्याशी पाठ लावून उभं केलं. ती माझ्याहून बुटकी आहे. रेघ तिच्या ओठांच्या उंचीला आली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. आजीचंही सांगितलं, खिडकीचंही. धरण झालंय तेही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर मी आणि डॅरिल एकच झालो असतो. आणि म्हटलं, "ही बेडरूम नाही. इथे खाट आहे, एवढंच. ती मी टाकली आहे."

खाटेवर पिप्पाच्या बुटाची धूळ होती, ती तिने हाताने झटकली. मग वर गेली.

जोएलचा आवाज मला वरून येत होता. "दुष्काळात पुराच्या गोष्टी? अगं, म्हातारीला घर सोडवत नाहीये!" आणि तिचा आवाज, हळू, "मग तू झोप खाली."

त्यांनी एकदा बोली लावली आणि थांबले. लिलाववाल्याने तीनदा त्यांच्याकडे बघून हात हलवला. टॅमसिन जमिनीकडे बघत होती. पिप्पा रडायला लागली तेव्हा ते तिला घेऊन निघून गेले.

घर एका एकट्या माणसाला गेलं. निवृत्त सुतार, त्याच्याकडे एक लाकडी होडी आहे आणि ती ठेवायला जागा नाही. खालची खोली बघून म्हणाला, भिंत काढली की होडी मावेल. रेघ त्यालाही दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे होडी आपोआप वर येईल."

तीन बेडरूमचा भाव आला. त्याहून एक डॉलर जास्त नाही.

डॅरिल जाताना म्हणाला, "आयुष्यात इतकी महाग रेघ बघितली नव्हती." माझ्याशी हात मिळवला नाही.

विनी


होबार्ट, ७ एप्रिल

विनी,

वाचलं. भिंगाने, दोनदा.

एका परक्या पोरीसाठी तू धावलीस. जी कदाचित कधी भिजलीही नसती. आणि मॉरिस तर रोज बुडतोय, त्याच्यासाठी तुला कपाट जागेवर ठेवता आलं नाही.

तुझ्या जागी क्लेम असता तर त्याने काय केलं असतं ते मला सांगू नकोस. तो माझा भाऊ होता, मला माहीत आहे. तेच तर मला सहन होत नाही.

जवळच्या जागेला नाही कळवते.

मला आता लिहू नकोस.

आयडा


ब्रिस्बेन, १८ जून

प्रिय आयडा,

तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून दोन महिने थांबले. पत्ता बदलला तो कळवायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

आता मी टेकडीवर राहते, वाचनालयाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या खूप आहेत, पण माझे गुडघे अजून ठीक आहेत. फ्लॅट लहान आहे. एक बेडरूम, बैठक, आणि एवढीशी गॅलरी, जिथे रोपं ठेवलीत. घासायला-पुसायला कमी, माझ्यासारखीला पुष्कळ झालं. पुस्तकं बैठकीत मावली.

घर रिकामं करताना क्लेमचं जाळं सापडलं, अर्धं विणलेलं. शेवटची गाठ सुटू नये म्हणून त्याने तिथे कपड्याचा चिमटा लावला होता. चिमटा तसाच ठेवून आणलंय.

सुताराने होडी आणली. मी बघायला गेले होते. त्याने भिंत काढली, खांब ठेवला. रेघ आता गल्लीतून दिसते.

वकिलांनी तुझे पैसे पाठवल्याचं कळवलं. मॉरिस कसा आहे?

विनी


होबार्ट, ३० जून

विनी,

मी डोळ्यांनी अधू आहे, हिशेबाने नाही.

घराचे किती आले ते तूच लिहिलं होतंस, तीन बेडरूमचा भाव. त्याचं निम्मं किती होतं ते मला ठाऊक आहे. माझ्या खात्यावर त्याहून जास्त आलं. चार बेडरूमचं निम्मं होईल तेवढं बरोबर आलं. मला वाटलं वकील चुकला. त्याच्या ऑफिसातल्या मुलाला फोन केला, घरघरीतून एवढंच ऐकू आलं की "मिसेस टॅलिस यांनी तसंच सांगितलं." तीनदा त्याच्याकडून वदवून घेतलं.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. एक बेडरूम. आधी वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, तिने माझी खोली काढून टाकली, मीच लिहू नकोस म्हटलं होतं ना. आता कळलं खोली कुठे गेली.

जवळच्या जागेच्या बाईंना मी नाही कळवलंच नव्हतं. पत्र लिहून ठेवलं होतं, टपालात टाकवेना. त्यांनीही खोली दुसऱ्याला दिली नाही, महिनाअखेर होऊन गेली तरी. का ते मी विचारलं नाही. मॉरिस पंचवीस तारखेला तिथे गेला. मी रोज जाते. डोंगरावर बर्फ आहे आणि वाटेत रस्ता निसरडा असतो, पण मी कुंपणाला धरून जाते. परवा त्याने मला विचारलं, "बाई, बोट किती वाजता?" मी म्हटलं, "तुम्ही या बाकावर बसा, मी आले की सुटेल." बसला. माझ्या हातावर डोकं टेकून झोपला आणि घोरला. मी पाऊण तास हात हलवला नाही.

मी तुझे आभार मानणार नाही. रागही गेलेला नाही सगळा, खोटं कशाला सांगू. ती पोर मात्र आता माझ्याही डोळ्यांपुढे येते. मी तिला बघितलेलं नाही, तरी येते, आणि तिच्या हातात कंदील असतो. हे तू केलंस.

ऑगस्टमध्ये मॉरिसची पुतणी इथे आठवडाभर राहायला येणार आहे. तेव्हा मी येते. विमानाचं तिकीट तीच काढेल. दुसरा मजला मी चढेन, मध्ये एकदा बसायला दे.

आणि तो क्लेमचा चिमटा काढू नकोस. मला जाळं विणता येतं, वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं. बोटांना डोळे लागत नाहीत.

झोपायचं म्हणशील, तर ती लोखंडी खाट तू टाकून दिली नसशील, मी तुला ओळखते. बैठकीत पुस्तकांजवळ टाक. तुझा तो पॉलिशवाला म्हणालाच होता, खाट टाकली की लोक स्वतःच मोजतात.

मी दोन मोजेन.

आयडा